आवाज कुणाचा?

बाजारातल्या बहुतेक वस्तूंना एक साधा न्याय लागू असतो: ज्याला वापरायची, त्याने निवडायची. चष्मा डोळ्याला लावून पाहतात, आंबा हुंगून घेतात. या न्यायाला अपवाद म्हणजे गाडीला हौसेने बसवून घ्यायचा सायलेन्सर. पैसे एक जण मोजतो आणि माल सगळ्या आळीच्या कानात पडतो. आळीला पसंती कुणी विचारत नाही. म्हणून आळीच्या वतीने आम्हीच या खरेदीबाबत मार्गदर्शन करायचे ठरवले आहे.

निमित्त आमच्या भाच्याचे. तो डॅलसजवळच्या उपनगरात राहतो, दिवसभर संगणकासमोर बसून कुठल्याशा बँकेचा डेटा इकडून तिकडे हलवतो, आणि हल्लीच त्याने फोर्डचा एफ-१५० हा पिकअप घेतला. पाच लिटरचे व्ही-८ इंजिन, मागे ऐसपैस हौदा. फोर्डची ही एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, तेव्हा भाचा बहुमताच्या बाजूने आहे. हौद्यातून आजवर काय काय वाहिलेस, असे विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे यादी दिली: इंडियन स्टोअरमधली कणकेची पोती आणि एकदा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचे मखर.

“मामा, कंपनीचा सायलेन्सर फारच सभ्य आहे,” तो फोनवर म्हणाला.

“मग बरंच आहे की रे.”

“तसं नाही. ट्रक आलाय हे कुणाला कळतच नाही.”

“जवळजवळ सहा मीटर लांब आहे ना तो? दिसत असेल की लोकांना.”

“दिसणं वेगळं, मामा. जाणवला पाहिजे.”

या ‘जाणवला पाहिजे’वर अमेरिकेतला एक अख्खा धंदा उभा आहे.

धंद्याची थोरवी कळायला थोडा इतिहास हवा. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ साली इंजिनाच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. मोटार तेव्हा रांगत होती. ती पुढे चालेल की नाही याची कुणाला खात्री नव्हती. पण ओरडते फार, यावर मतभेद नव्हता. मग आले मॅक्सिम पितापुत्र. थोरल्या हायरम मॅक्सिमने १८८४ च्या सुमारास मशीनगन तयार केली आणि वर्षानुवर्षे तिच्याशेजारी उभा राहून स्वतःचे कान घालवले. धाकटा हायरम पर्सी मॅक्सिम. त्याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले आणि तेच तत्त्व इंजिनांनाही लावले. बापाने करून ठेवलेला आवाज मुलाने निस्तरला, अशी घराणी जगात थोडी. हल्ली बाप शांत गाडीचे हप्ते फेडतो आणि चिरंजीव तिला आवाज बसवून आणतात.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. आठ सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला चार वेळा जळका वायू बाहेर फेकते. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर सेकंदाला सुमारे १३३ धडाके झाले. शिवाय अमेरिकन व्ही-८ मध्ये प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांचे धडाके सारख्या अंतराने येत नाहीत. त्यामुळे तिकडच्या रसिकांना प्राणप्रिय असलेली ती गुरगुर निघते. या धडाक्यांचे काय करायचे, यावरून दुकानात तीन पंथ आहेत.

पहिला पंथ कप्पेवाल्यांचा. डब्यात तिरके पडदे असतात. आवाजाच्या लाटा त्यांवर आपटून मागे फिरतात, एकमेकींना भिडतात आणि काही प्रमाणात एकमेकींना संपवतात. १९८३ साली सुरू झालेल्या फ्लोमास्टर कंपनीचे नाव या प्रकारासाठी घेतले जाते. आमचा भाचा तिच्या ४० मालिकेवर लुब्ध आहे. या पंथात आवाज मारत नाहीत, त्याला वळण लावतात. वळण लागलेला आवाज बिनवळणाच्या आवाजापेक्षा जास्त लांबून ऐकू येतो, असा आमचा माणसांबाबतही अनुभव आहे.

दुसरा पंथ सरळमार्गी. आत भोके पाडलेली सरळ नळी, भोवती काचतंतूंचे वेष्टण, बाहेर पत्रा. बडा घर, पोकळ वासा ही म्हण इथे अक्षरशः पाहायला मिळते. १९६८ पासून मिळणारा लालभडक ‘चेरी बॉम्ब’ याच जातीचा. यातले काचतंतू उष्णतेने हळूहळू जळतात, उडून जातात आणि वर्षागणिक आवाज वाढत राहतो. मालक पोक्त होत जातो तसतशी गाडी वयात येते.

तिसरा पंथ ‘टर्बो’ या भारदस्त नावाचा. यात वायूला नागमोडी वळणाने फिरवून आणतात. आवाज बेताचा, किंमत बेताची. हा संसारी गृहस्थांचा सायलेन्सर. त्यामुळे दुकानदार तो मागच्या फळीवर ठेवतो.

याखेरीज एक संन्यासमार्ग आहे. सायलेन्सर कापून टाकायचा आणि जागी सरळ नळी जोडायची. याला ‘डिलीट’ म्हणतात. असलेली वस्तू काढून टाकण्याचे पैसे घेणारे कारागीर आम्ही आजवर फक्त दाताच्या दवाखान्यात पाहिले होते.

भाच्याने अर्थातच कप्पेवाला घेतला. पहिले दोन दिवस त्याने फोनवरून आम्हाला गुरगुर ऐकवली. तिसऱ्या दिवशी तो हायवेने ऑस्टिनला गेला आणि आल्यावर डोके धरून बसला. एकसारख्या वेगात जाताना इंजिनाच्या धडाक्यांची लय आणि केबिनची स्वतःची कंपने जुळली की आत एकसुरी घूंऽऽ सुरू होते. तिकडे याला ‘ड्रोन’ म्हणतात. यावरचा उपाय त्याच दुकानात मिळतो. रेझोनेटर नावाची आणखी एक नळी बसवायची, म्हणजे तेवढाच सूर दबतो. आधी आवाज विकत घ्यायचा, मग त्यातला नकोसा वाटा दाबायला दुसरे यंत्र विकत घ्यायचे. यात बारकावा असा की दाबायचा तो मालकाच्या कानातला आवाज. बाहेरच्यांचा वाटा शाबूत राहतो.

“पण मामा, पॉवर वाढते,” भाचा म्हणाला. हा युक्तिवाद प्रत्येक दुकानात मोफत मिळतो. नळी मोकळी केली की वायू चटकन बाहेर पडतो आणि इंजिनाचा भार हलका होतो, हे तत्त्वतः खरेच आहे. पण आजच्या ट्रकची मूळ नळी कंपनीच्या अभियंत्यांनी इंजिनाच्या मापाने बेतलेली असते. धूर स्वच्छ करणाऱ्या उत्प्रेरक डब्याच्या मागचा सगळा सरंजाम हजार डॉलरच्या वर मोजून बदलला तरी रोजच्या वापरात हाती येणारी वाढ किरकोळ असते. घोडे तेवढेच राहतात, खिंकाळणे वाढते.

कंपन्यांनी हे ग्राहकाच्या आधी ओळखले. फोर्डने एफ-१५० मध्ये टर्बोचार्जर लावलेले व्ही-६ इंजिन आणले. ते जोरकस, पण स्वभावाने शांत. शांत ट्रक गिऱ्हाइकाला पटेना, म्हणून इंजिनाचा आवाज स्पीकरमधून केबिनमध्ये फुगवून सोडण्याची सोय केली. ही गोष्ट २०१५ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांनी छापली तेव्हा पुष्कळ मर्दांना मनस्ताप झाला. हार्ले-डेव्हिडसनने तर १९९४ साली आपल्या इंजिनाच्या आवाजावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला होता. सहा वर्षे वाद घालून अर्ज मागे घेतला. आणि आता डॉजने चार्जर डेटोना ही विजेवर चालणारी मोटार आणली आहे. हिला धूर नाही, धडाके नाहीत. तरी हिच्यासाठी खास आवाजयंत्र घडवले आणि ते १२६ डेसिबलपर्यंत गरजते अशी जाहिरात केली. रीव्ह्ज बंधूंच्या पेटंटनंतर सव्वाशे वर्षांनी मोटार एकदाची गप्प झाली, तर तिला पुन्हा ओरडायला शिकवण्यासाठी अभियंते नेमावे लागले.

कायदा काय म्हणतो? भाच्याच्या टेक्सास राज्याचा कायदा म्हणतो की सायलेन्सर चालू स्थितीत हवा आणि त्याने ‘अतिरिक्त किंवा असाधारण’ आवाज होऊ देता कामा नये. डेसिबलचा आकडा त्यात नाही. अतिरिक्त म्हणजे किती, हे रस्त्यावर उभ्या पोलिसाच्या कानावर आणि त्या दिवशीच्या त्याच्या मूडवर सोपवलेले आहे. कॅलिफोर्नियाने हलक्या वाहनांसाठी ९५ डेसिबलची रेघ मारली. न्यूयॉर्क शहराने तर आवाज मोजून नंबरप्लेट टिपणारे कॅमेरेच बसवले. दंड ८०० डॉलरपासून पुढे. हे ऐकून भाच्याने टेक्सासमध्ये राहिल्याबद्दल देवाचे आभार मानले.

मध्यंतरी ताई लेकाकडे सहा महिन्यांसाठी गेली होती. सायलेन्सरबद्दल तिचे मत विचारले. ती म्हणाली, “सोय झाली बाई. तो कोपऱ्यावर वळला की इथे भांडी वाजतात. मी लगेच चहाचं आधण ठेवते.” एवढ्या अभ्यासात आम्हाला सापडलेला या वस्तूचा हा एकमेव उपयोग.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेच्या ट्रकांशी आपल्याला काय देणेघेणे? आपल्याकडे पिकअपचा सायलेन्सर सहसा कुणी बदलत नाही, हे आम्हाला मान्य. गरजच पडत नाही. आपण पिकअपच्या हौद्यात थेट डीजेची भिंत चढवतो. पुढे वरात, मागे जनरेटर, मधे काचा हादरणारी आळी. अमेरिकन माणूस सायलेन्सरच्या पंथांवर वाद घालत बसला. आपण इंजिनालाच वादातून वगळले.

सायलेन्सरची खरी हौस आपल्याकडे भागते ती बुलेटवर. एकच सिलिंडर, संथ ठोका, त्यामुळे प्रत्येक धडाका सुटा सुटा ऐकू येतो. त्याचे सौंदर्य वाढवायला इंदोरी, पंजाब, मेगाफोन अशी घराणी बाजारात हजर आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. मोठ्या मोटरसायकलीला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. ती शंभरावर नेली तर पंचवीस टक्केच वाढ झाली, असा हिशेब वर्गात मागच्या बाकावर बसलेले करतात. डेसिबलच्या मापात दर दहा अंकांना ध्वनीची शक्ती दसपट होते. वीस वाढले म्हणजे शंभरपट. मोटार वाहन कायद्याचे कलम १९० याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने परवान्याला रजा देते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचा शांतता विभागही कागदावर आखलेला आहे. त्याच विभागात फटाके काढणारी बुलेट सर्वात खुलून दिसते, कारण तिथे बाकी शांतता असते.

यावर आपल्या पोलिसांनी शोधलेला उपाय प्रेक्षणीय आहे. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे, छायाचित्रकारांना बोलवायचे आणि वरून रोडरोलर फिरवायचा. नळ्या चिरडल्या जातात, बातमी छापून येते. दुकानदार ती बातमी वाचतो आणि नव्या नळ्यांची ऑर्डर देतो. जुन्या चिरडल्या म्हणजे मागणी आलीच. गुन्हेगार ठरते ती नळी. बसवणारा हौशी ठरतो आणि विकणारा उद्योजक.

आणि पीयूसी? त्या टपरीत आपल्या गाडीच्या ढुंगणाशी नळी लावतात आणि धुराची परीक्षा घेतात. शेजारी उभे राहून बोललेले ऐकू येत नाही इतकी गाडी कोकलत असली तरी प्रमाणपत्र मिळते. कारण त्या परीक्षेत आवाज हा विषयच नाही.

तेव्हा आमच्या मागण्या तीन. एक, पीयूसीच्या यंत्राशेजारी आवाज मोजायचे यंत्रही ठेवा; धूर पास आणि आवाज नापास, तर गाडी नापास. दोन, रोडरोलर रस्त्यावर फिरवण्याआधी पोलिसांनी दुकानाच्या पायरीवर जावे आणि विकणाऱ्याचे बिलबुक पाहावे. तीन, ज्याला सायलेन्सर बदलायचाच आहे त्याने नव्या सायलेन्सरसह गाडी चालू करून, तिच्यामागे दहा पावलांवर पंधरा मिनिटे उभे राहावे. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि पाळण्यातल्या बाळाला उभे करून पाहावे. तरीही आवड टिकली तर खुशाल पैसे मोजावेत.

भाच्याला आम्ही एवढेच कळवले आहे, आणि बुलेटवाल्या वाचकांनाही तेच सांगतो. कंपनीने बसवून दिलेला सायलेन्सर गाडीच्या किमतीत आलेला असतो, तो इंजिनाच्या मापाचा असतो, कायद्यात बसतो आणि शेजाऱ्यांच्या पसंतीलाही उतरलेला असतो. सगळ्यात चांगला सायलेन्सर तोच. तो काढू नका.