आज वसुली बंद

(रंगमंचावर बागेतला एक लोखंडी बाक. विंगेतून पंचेचाळिशीचा गृहस्थ येतो. गळ्यात लहान मुलाची पाण्याची बाटली, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात एकच छोटी चप्पल.)

तिकीट काढून आलात ना सगळे? बघा, नुसतं विचारलं तर तिसऱ्या रांगेतले काका ताठ झाले. पैसे भरले की माणूस ताठ बसतो. विनोद नाही कळला तरी हसतो. आपले शंभर रुपये वाया गेले हे शेजारच्याला कळता कामा नये!

हे मला कळतं, कारण मी वसुलीचा माणूस. साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत वसुली अधिकारी. संस्थेचं नाव सांगत नाही. मागं दोघांनी आत्ताच तोंडावर रुमाल घेतलाय.

आता ऑफिसात वसुली केली की घरी ती कपाटात ठेवता येते का? लग्नाला गेलो, पाकीट दिलं, की पोराला म्हणतो, "चपातीनं पोट भरू नको, गुलाबजाम घे." वॉटर पार्कला नेलं. पोरगं थंडीनं निळं पडलं. दात वाजतायत. "बाबा, घरी जाऊया." म्हटलं, "थांब! चार वाजता लाटा सुरू होतात. तिकिटात धरल्यात!"

त्या दिवसानंतर बायकोनं कारभार हातात घेतला. तिचं माहेर सांगलीचं. म्हणाली, "अहो, रविवारी पोरांना घेऊन आमराईत जाऊ. सकाळी जाऊ, संध्याकाळी परत. संस्थानाच्या वेळची बाग आहे, मोठमोठी झाडं आहेत. आम्ही तिथंच खेळून मोठ्या झालो."

म्हटलं, "तिकीट?"

"नाही."

"नाही म्हणजे किती?"

(थांबतो.) हसू नका. वसुलीत अनुभव असतो. 'काही नाही' म्हणणाऱ्याकडेच सगळ्यात जास्त निघतं.

निघालो. सातारा स्टँड, सांगली गाडी. कंडक्टर आले. "किती जण?" म्हटलं, सहा. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, विचारायच्या आत आधार कार्ड काढलं. "सत्त्याहत्तर पूर्ण!" पंचाहत्तरच्या पुढं फुकट. आई, अर्धं. बायको, अर्धं. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. चिरंजीव नऊ वर्षांचे, अर्धं. ठमी चार वर्षांची, पाचच्या आत, फुकट. कंडक्टरांची नजर एकेकावरनं फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

(अतिशय आदराने) "पूर्ण... आपणच का?"

अहो, एवढ्या मानानं मला माझ्या लग्नात कुणी विचारलं नव्हतं!

कऱ्हाड मागं पडलं, आणि आप्पा खिडकीतनं बोट दाखवून पोराला सांगायला लागले, "हे बघ, आता आपला जुना जिल्हा लागला." आप्पांचं हे जुनं दुखणं. 1949 साली साताऱ्याचे दोन जिल्हे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. 1960 ला दक्षिण साताऱ्याचं नाव झालं सांगली. 1949 ला आप्पा पाळण्यात होते. पण ती वाटणी त्यांच्या सहीशिवाय झाली, म्हणून त्यांना ती आजतागायत मान्य नाही.

(बाकाभोवती फिरतो. इकडेतिकडे वाकून बघतो.)

आमराईच्या फाटकातनं आत गेलो. बायको, पोरं, आई-आप्पा सरळ पुढं. मी मागंच. खिडकी कुठाय? तिथं एकजण कानटोपी घालून हात झुलवत चालत होते. त्यांना गाठलं.

"ओ साहेब, कुठं द्यायचे?"

"काय?"

"पैसे."

त्यांनी मला वरनं खालपर्यंत बघितलं. म्हणाले, "कुणाचे घेतलायसा?"

(खजील होऊन बाकावर बसतो.)

बसलो. आणि सांगतो, मला काय करावं तेच कळेना. तिकीट असतं तर सोपं असतं हो! इतके पैसे, इतके तास, इतके खेळ, भागाकार करायचा आणि पोरांना पळवायचं. इथं भागायचं कशाला? शून्याला? पोरगं झोपाळ्याकडं पळालं. ठमी मात्र तिथंच, एका झाडाच्या मुळाशी, पालथी पडली. (पालथा पडून दाखवतो.) हनुवटी मातीत. म्हटलं, "ठमे, काय झालं?"

"मुंगळे."

"अगं, सव्वाशे किलोमीटर आलोय! मुंगळे काय साताऱ्यात नाहीत?"

"हे भडंग खातायत."

आता सांगलीत पाय ठेवल्यावर भडंग घेतल्याशिवाय माहेरवाशीण पुढं जाते का? पुडा फुटलेला होताच. मी वाकून बघितलं. एक कुरमुरा, लाल तिखटानं माखलेला. सहा मुंगळ्यांनी उचललेला. त्यातले चार पुढं ओढतायत, दोन मागं. सहकारी संस्थेचं संचालक मंडळच! मध्येच सगळे थांबले. कुरमुऱ्याला लसणाची एक तळलेली पाकळी चिकटली होती. दोघांनी ती सोडवली, बाजूला टाकली आणि कुरमुरा घेऊन बिळाकडं चालायला लागले. लसूण नको! शेंगदाणा नको! म्हटलं, "ठमे, शेंगदाणा महाग असतो, त्यांना सांग." ठमी म्हणाली, "बाबा, त्यांना कुठं विकत घ्यायचंय?"

(उठून कपडे झटकतो.)

पलीकडं झोपाळ्याला रांग होती. रांगेची व्यवस्था बघायला एक आजी. पगार नाही, शिट्टी नाही, गणवेश नाही. नऊवारीचा पदर खोचलेला आणि आवाज असा, की मिरजेत ऐकू यावा. "अठरा, एकोणीस, वीस! उतर! पुढचं कोण?" माझ्या पोराचे वीस झाले. मी धावलो. "ओ आजी, आम्ही साताऱ्याहून आलोय. अजून पाच द्या." आजी म्हणाल्या, "झोका सांगलीचा असू दे न्हाईतर साताऱ्याचा, विसालाच थांबतोय."

मी पोराची समजूत काढायला गेलो. तर ते मलाच म्हणतं, "बाबा, पुन्हा रांगेत लागतो की. कितीपण वेळा लागता येतंय." आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहिलं, खुशीत.

नऊ वर्षांत हे पोरगं रांगेत खुशीत उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं. वॉटर पार्कात रांगेत रडायचं. का? तर मागं मी घड्याळ घेऊन उभा!

इकडं या बाकावर आप्पांना जोडीदार मिळाला होता. तेच, कानटोपीवाले.

(दोन्ही आवाज काढत, बाकाच्या दोन टोकांना बसत)

"कुठलं पावनं?"

"सातारा."

"लांबनं आलाय की."

"लांब कसलं! आमच्याच जिल्ह्यात आलोय. अकरा वर्षं दक्षिण सातारा होता तुम्ही."

"होतो की. मग शहाणे झालो."

(आप्पा सरसावतात.) "कृष्णा कुठली? महाबळेश्वरची! आम्ही पाणी सोडतो म्हणून तुम्ही पिता."

"सोडताय की! 2019 ला सोडलं. आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं. 45 ला धोका लागतोय आमच्यात. आम्ही म्हटलं, साताऱ्याच्या पावन्यांनी लईच मनावर घेतलं. जरा मोजूनमापून सोडा की ओ!"

आप्पा गप्प. दम घेतला. सांगलीकर आता सुटले. "नाटक कुठं सुरू झालं? इथं! 1843 साली. विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, आमच्या राजेसाहेबांपुढं."

आप्पा म्हणाले, "1843 ला साताऱ्याच्या गादीवर छत्रपती होते. आम्हाला नाटकं करायची गरज नव्हती!"

मी मध्ये पडलो. "एक विचारू? त्या पहिल्या खेळाला तिकीट होतं का?"

"छे! राजाश्रय होता. तिकीट लावलं ते पुढं मुंबईला गेल्यावर."

आप्पा आणि सांगलीकर दोघांनी एकदमच मान हलवली. "मुंबईला गेलं की कशालाही तिकीट लागतंय!"

झालं! दीडदोनशे वर्षांचा तंटा एका वाक्यात मिटला. मुंबईवर टाकलं की सातारा-सांगली एक! लगेच पिशवीतनं आमचे कंदी पेढे निघाले, त्यांच्या खिशातनं शेंगा निघाल्या.

(आवाज उतरतो.) आणि मग सीसॉ.

पोरगं एका टोकाला बसलेलं, दुसरं टोक हवेत. समोरून एक पोरगं पळत आलं, बसलं. त्याच्या मागं त्याचा बाप आला, टोक धरायला. मी वर बघितलं. त्यानं वर बघितलं.

थकबाकीदार!

नाव नाही सांगत, गोपनीयता असते. दिवाळीपासून शोधतोय मी याला. फोन लावला की बाई म्हणते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. ते क्षेत्र म्हणजे आमराई होय!

माझा हात आपोआप पिशवीत गेला. नोटिशीचा कोरा फॉर्म माझ्या पिशवीत कायम असतो. माणूस छत्री ठेवतो, मी फॉर्म. हात फिरवला, फॉर्म नाही. बघतो तर ठमीनं तो झाडाखाली अंथरलाय, त्यावर भडंग वाढलंय आणि 'कर्जदाराची सही' या रकान्यावरनं मुंगळे निघालेत, ओळीनं.

इकडं पोरं ओरडतायत, "वर! खाली! वर! खाली!" तो उतरवायला गेला असता, तर माझं पोरगं धप्पदिशी आपटलं असतं. मी उतरवलं असतं, तर त्याचं. दोघं दोन टोकं धरून उभे. म्हणाला, "साहेब... हप्त्याचं..."

मी म्हटलं, "जोर जरा कमी लावा. माझं हलकं आहे."

एवढंच बोललो. आईशप्पथ, एवढंच. पोरं तासभर खेळली. निघताना माझं पोरगं त्याच्या पोराला म्हणालं, "पुढच्या रविवारी पण ये हां. आम्ही येणार आहे." त्या माणसाचा चेहरा पडला. मला बाजूला घेतलं.

"साहेब, खरंच येणार?"

"येणार. फुकट आहे."

"मग मी उद्या हप्ता भरतो. पोराला घेऊन ताठ मानेनं बसायला ही एवढीच जागा परवडते, साहेब. इथं तोंड लपवून कसं बसू?"

आणि भरला! सोमवारी, अकरा वाजता, स्वतः येऊन. तीन नोटिशींनी झालं नव्हतं ते.

आमच्या मोठ्या साहेबांना कळलं. खूश! म्हणाले, "वा! आता दर रविवारी एकेक बाग धरा. सहकुटुंब जा. थकबाकीदार गाठा. भत्ता देतो." म्हटलं, "साहेब, सोमवार ते शनिवार कुणाच्याही दारात उभा राहतो. पण तिथं कुणी मला काही मागितलं नाही, मीही कुणाला मागणार नाही. रविवारी वसुली बंद."

"तुम्हाला जमत नसेल तर मी जातो!"

"जा साहेब. पोराला न्या. सीसॉवर बसवा. समोर कुणाचं पोर येऊन बसतंय बघा, आणि मग मागा."

गेले की साहेब! पोराला बसवलं. टोक धरलं. समोर एक गुटगुटीत पोरगं येऊन बसलं. मागनं त्याचे वडील आले.

आमच्या संस्थेचे ऑडिटर.

(दोन्ही हातांनी सीसॉचं टोक गच्च धरून, घाम पुसता येत नाही अशा अवस्थेत, केविलवाणं हसतो.)

"वर... खाली... वर... खाली..." दीड तास! पोरगं रडतंय, "पप्पा, उतरू द्या!" साहेब म्हणतायत, "थांब बाळा, ते काका बघतायत!"

तेव्हापासून रविवारी काही अडलं आणि साहेबांना फोन लावला, की ती बाई उचलते.

(बाईच्या आवाजात) "आपण ज्या व्यक्तीशी बोलू इच्छिता, ती व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे."

(अंधार.)