यंदा नक्की

मास्तर कुठेच शिकवत नाही. हिंजवडीत नोकरी करतो, कर्वेनगरला राहतो, आणि शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी, मिठाची डबी, त्याच्या आईच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या औषधांचं खोकं असं सगळं उचलून ओट्यावर नेऊन ठेवतो. मग पाच चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना समोर बसवून सांगतो, "तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आतून कुबट वास येतोय. काय करता?" आमच्यातली भूलतज्ज्ञ म्हणते, मी मशाल पेटवते. बँकेतला म्हणतो, मी सगळ्यांच्या मागे राहतो. त्याची बँकेतली कारकीर्दही ह्याच धोरणावर उभी आहे. ढोलपथकातला पोरगा काही न विचारता आत पळत सुटतो, आणि तो खड्ड्यात पडला की वाचला हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरतं.

ह्याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, जिंकणं-हरणं नाही. प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, एकानं गोष्ट चालवायची, आणि पुढे काय होईल ते सांगता येत नसेल तिथे फासे टाकायचे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या जोडीनं १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढलं, तिथून हा संसार वाढत गेला. आता असे खेळ इतके झालेत की एका जन्मात खेळून संपायचे नाहीत, आणि मास्तरचं सगळं दुखणं तेच आहे.

गोष्ट चालवणारा प्रत्येक कंपूत एक असतोच. तो बहुधा निरुपद्रवी असतो. आमचा मास्तर त्याच्या पुढच्या पायरीचा, म्हणजे येत्या वर्षी काय काय खेळायचं हे ठरवणाऱ्यांतला. दिवाळीच्या चकल्या मऊ पडायला लागल्या की लक्षणं दिसू लागतात. रात्री साडेअकराला ग्रुपवर एका पुस्तकाचं मुखपृष्ठ येतं, खाली फक्त "बघा". दुसऱ्या दिवशी अजून एक. तिसऱ्या दिवशी एक्सेलची फाईल येते. खेळाचं नाव, माणसं किती लागतात, किती शनिवार जातील, नियमांची पानं किती, असे रकाने असतात आणि शेवटी 'मूड' नावाचा रकाना. त्यात एका खेळासमोर त्यानं "ओलसर" असं लिहिलं होतं. ओलसर म्हणजे काय हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, कारण विचारलं की तो सांगतो.

ही फाईल लग्नाच्या यादीसारखी असते. नाव काढायला गेलं की दोन वाढतात.

मास्तर खेळाचं वर्णन करायला लागला की मात्र ऐकत राहावं. 'ट्रॅव्हलर' नावाचा १९७७ सालचा एक अंतराळातला खेळ आहे. त्याच्या मूळ नियमांत आपलं पात्र तयार करता करताच, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच मरू शकतं. नौदलात किती वर्षं काढली, बढती मिळाली का, वाचला का, असे फासे टाकत जायचं आणि एक फासा चुकला की पात्र खलास, कागद फाडा, नवीन घ्या. मास्तर हे डोळे मोठे करून सांगत होता. भूलतज्ज्ञ शांतपणे म्हणाली, "टेबलावर यायच्या आत गेला तर आमच्यावर येत नाही. हा खेळ घेऊ."

मग 'कॉल ऑफ क्थुलू', १९८१ चा. ह्यात तलवारबाजी वगैरे नाही. साधीसुधी माणसं जुन्या फायली, वर्तमानपत्रांची कात्रणं चाळत एका भयंकर गोष्टीपर्यंत पोचतात आणि जसजसं कळत जातं तसतसं डोकं फिरत जातं. मनःस्वास्थ्याचा आकडा कागदावर लिहिलेला असतो, तो हळूहळू उतरत जातो. मास्तरनं हा खेळ मार्चमध्ये धरला होता. बँकेतला म्हणाला, "मार्च एंडला नको रे. तेव्हा मी तो फुकट खेळतच असतो."

ह्याच खेळाची 'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप' नावाची एक लांबलचक मोहीम आहे, १९८४ ची, जाणकारांत फार नावाजलेली. न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, ऑस्ट्रेलिया, शांघाय असा जगाचा फेरा. मास्तरनं त्यासाठी जुने नकाशे छापून आणले, टाइपरायटरसारख्या अक्षरात पत्रं तयार केली आणि ती जुनी दिसावीत म्हणून चहात बुडवून गच्चीवर वाळत घातली. काकूंनी ती पापड समजून संध्याकाळी गोळा करून डब्यात भरली. आम्ही अजून न्यूयॉर्कच्या बाहेर पडलेलो नाही. सगळ्यांची एका शनिवारची सवड जुळत नाही. व्हिसा अडकलाय म्हणा.

मास्तरचा सगळ्यात लाडका खेळ 'ब्लेड्स इन द डार्क'. हा मला त्याच्या स्वभावाची किल्ली वाटतो. चोरांची एक टोळी, धुरकट शहर, दरोडे. ह्या खेळाची खुबी अशी की दरोड्याचा बेत आधी करायचाच नाही. थेट भिंतीवर चढायचं. वर कुत्रा भेटला की म्हणायचं, अरे हो, मी कालच ह्याला मटण घालून ओळख करून ठेवली होती, आणि तेवढ्यापुरता तो कालचा प्रसंग खेळायचा. चर्चेत वेळ जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. ह्या बेत न करण्याच्या खेळाची तयारी मास्तरनं अख्खा पावसाळा केली. टोळ्यांची वंशावळ काढली, कुत्र्यांना नावं दिली. शनिवारी आम्ही जमलो, आणि कुठल्या घरावर दरोडा घालायचा ह्यावर चर्चा करत रात्रीचे अकरा वाजवले. कुत्रे भेटलेच नाहीत.

काही खेळ यादीतून परस्पर बाद होतात. 'टेन कँडल्स' नावाचा एक आहे. अंधारात दहा मेणबत्त्या लावून बसायचं, एकेक विझत जाते, आणि शेवटची विझेपर्यंत सगळी पात्रं मरतात. मरतात हे आधीच ठरलेलं असतं, कशी मरतात एवढंच खेळायचं. मास्तरनं मेणबत्त्या आणून टेबलावर मांडल्या. काकू देवापाशी दिवा लावून बाहेर आल्या.

"हे काय रे?"

"खेळ आहे, आई. एकेक विझवायची."

"तिन्हीसांजेला दिवे विझवायचे? माझ्या घरात?"

"रात्री विझवू."

"आणि शेवटी काय होतं?"

मास्तरला खोटं बोलता येत नाही. "सगळे मरतात."

काकूंनी मेणबत्त्या गोळा केल्या आणि वीज गेल्यावर लागतात म्हणून स्वयंपाकघराच्या खणात ठेवल्या. यादीत त्या ओळीवर लाल रंग चढला. 'मूड'च्या रकान्यात मास्तरनं लिहिलं, "घरगुती अडचण".

'ड्रेड' असाच पंख्यानं घालवला. त्यात फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो, जोखमीचं काही करायचं तर एक ठोकळा ओढायचा, मनोरा ज्याच्या हातून पडेल त्याचं पात्र मेलं. भीती वाढवायला ह्याहून सोपी युक्ती मी पाहिली नाही. पण पुण्यातला मे महिना. पंखा चालू ठेवला तर मनोरा डुलतो, बंद केला तर माणसं. 'शॅडोडार्क' २०२३ चा. त्यात मशाल खऱ्या घड्याळाचा एक तास जळते, म्हणून मोबाइलवर गजर लावून खेळायचं. गजर झाला, भुयारात अंधार झाला, आणि वहिनी गॅस बंद करायला उठल्या. त्या परत येईपर्यंत बँकेतल्याला कुणीतरी खाऊन टाकलं होतं.

वहिनी म्हणजे मास्तरची बायको, आणि आमच्यातली सगळ्यात पक्की खेळाडू. गेली कित्येक वर्षं त्या एकच पात्र चालवतात, कुऱ्हाड घेतलेली एक धिप्पाड रानटी बाई. मास्तरनं महिनाभर खपून रचलेला खलनायक पहिलं वाक्य पुरं करायच्या आत त्या फासा टाकून मोकळ्या होतात. मास्तर कळवळून म्हणतो, "अगं, त्याला बोलू तरी दे." वहिनी म्हणतात, "घरात एक बोलणारा पुरे."

यादीचा खर्चाचाही एक भाग आहे. परदेशात कुणी नव्या खेळासाठी आधीच वर्गणी गोळा करतो, मास्तर पैसे भरतो, आणि खोकं येतं तोवर आपण काय मागवलं होतं हे तो विसरलेला असतो. त्यामुळे त्याचा आनंद खरा असतो. मग कस्टमचे पैसे भरताना चेहरा उतरतो, तोही खरा. पुस्तकं दिवाळी अंकांच्या मागे जातात. वहिनींना जागा ठाऊक आहे. 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीचं सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक त्या पनीर दाबायला काढतात आणि पुसून परत ठेवतात. पीडीएफ किती आहेत ते मात्र मास्तरलाही माहीत नाही. पीडीएफवर धूळ बसत नाही, हाच त्यांचा धोका.

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी बैठक होते. प्रत्येकाला तीन मतं. ढोलपथकवाला तिन्ही मतं ज्यात जास्त मारामारी त्याला देतो. भूलतज्ज्ञ फोन बघत म्हणते, "मला काहीही चालेल." ह्या वाक्यानं जेवढे बेत बुडाले तेवढे भांडणानं बुडाले नसतील. बँकेतला दरवर्षी एकच म्हणतो, "आपलं नेहमीचंच खेळू ना. माझा आत्ता कुठे सातव्या लेव्हलला आलाय." नेहमीचं म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची २०१४ ची पाचवी आवृत्ती. २०२४ मध्ये तिची सुधारलेली पुस्तकं आली, तर ती घ्यायची का ह्यावर दीड तास वाद, आणि शेवटी जुन्याच पुस्तकांवर शिक्कामोर्तब. मास्तर "ठीक आहे, पण मधूनमधून वेगळंही काही" असं पुटपुटत यादी खिशात घालतो.

त्यानंतर कॅलेंडर काढतात. जानेवारी-फेब्रुवारीत लग्नं. मार्चचं वर आलंच. मग मुलांच्या परीक्षा, आयपीएल, मे महिन्यात गावाला. जूनमध्ये शाळा आणि गळती. जुलैपासून ढोलपथकाचा सराव, तो थेट गणपती विसर्जनापर्यंत. नवरात्र, दिवाळी. ह्या सगळ्यातून सहाही जण मोकळे सापडतात ते एका पितृपक्षात. त्या पंधरवड्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, कुणी फ्लॅट बघायलाही जात नाही. आमची मोहीम वर्षभरात जी काय पुढे सरकते ती तेव्हा. काकूंना ते अजिबात पटत नाही. "भुतं आणि सांगाडे मारायला ह्यांना हेच दिवस सापडतात," असं त्या शेजारी सांगतात.

एवढं होऊनही मास्तर खचत नाही, ह्याचं आम्हाला पूर्वी आश्चर्य वाटायचं. एकदा उशिरा पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा उलगडा झाला. घर झोपलं होतं. मास्तर हॉलमध्ये दिव्याखाली एकटा बसून ओठ हलवत नियम वाचत होता. मधेच फासे टाकायचा, कागदावर काही लिहायचा, "अरेरे" म्हणायचा आणि पुन्हा टाकायचा. त्याचे अंतराळवीर नौदलात मरत होते. यादीतला प्रत्येक खेळ त्याचा एकदा खेळून झालेला असतो. फक्त आम्ही त्यात नसतो. नवल करण्यासारखं काही असेल तर एवढंच, की तरीही त्याला आम्ही हवे असतो.

यंदाचा पहिला शनिवार उजाडला. ढोलपथकवाला मित्राच्या हळदीला गेला, भूलतज्ज्ञला इमर्जन्सी आली. मास्तरनं वर्षाचा श्रीगणेशा म्हणून तयार केलेली मोहीम मिटवून ठेवली आणि एक कागद काढला. 'हनी हाइस्ट'. अख्खा खेळ एका पानात. मधाचं मोठं संमेलन भरलंय, आपण सगळे अस्वलं, आणि मध चोरायचाय. पात्राला गुण दोनच, अस्वलपणा आणि चोरपणा. काही करायचं झालं की त्यातल्या एकावर फासा टाकायचा. माणसं कमी पडत होती, म्हणून वहिनींनी काकूंना बसवलं. काकूंनी चष्मा लावून कागद वाचला, टोपी घातलेलं अस्वल पसंत केलं, आणि विचारलं, "ह्याला बोलता येतं का?"

"येतं, आई."

"मग आधी मागून बघते की. नाही दिलं तर चोरू."

सभ्यपणे मध मागणं हे अस्वलपणात धरायचं की चोरपणात, ह्यावर पुढचा पाऊण तास गेला. वहिनी म्हणाल्या चोरपणात, कारण द्यायची इच्छा नसलेल्याकडूनच माणूस गोड बोलून घेतो. बँकेतल्यानं तारण काय ठेवणार असं विचारलं. मास्तरनं कागद दोनदा उलटून पाहिला. मधाला अजून कुणी हात लावलेला नाही.