मेणवलीत आठ सेकंद

फोटोग्राफरबरोबर प्रवासाला निघणाऱ्याने आपला नकाशा घरी ठेवावा. त्याच्या नकाशात गावं नसतातच. गाडी सावलीत लावता येईल अशी झाडं, कपडे बदलायला खोली देणारी घरं आणि चार्जर लावू देणाऱ्या टपऱ्या, एवढाच त्याचा भूगोल. वाई म्हटलं की तुम्हा-आम्हाला ढोल्या गणपती आठवतो, तर्कतीर्थांचा विश्वकोश आठवतो. माझा फोटोग्राफर मित्र म्हणतो, "वाई ना? तिथे एका ठिकाणी बाथरूम फार स्वच्छ आहे." कृष्णाकाठची संस्कृती तो इथूनच सांगायला सुरुवात करतो.

हा मित्र पुण्यात लग्नाचे फोटो काढतो. पण हल्ली लग्नाचे फोटो लग्नात सुरू होत नाहीत. त्याआधी 'प्री-वेडिंग' असतं. म्हणजे वधूवरांना एखाद्या घाटावर न्यायचं आणि 'या जगात आपण दोघंच आहोत' असा भाव सात-आठ माणसांच्या देखत चेहऱ्यावर आणायला लावायचा. त्या सात-आठांतला एक जण ऐनवेळी गळाला, म्हणून मला बोलावणं आलं. "मेणवलीला चल. नाना फडणवीसांचा वाडा बघशील." वाडा मी पाहिला. रिफ्लेक्टरच्या मागून जेवढा दिसतो तेवढा पाहिला.

निघायचं अंधारात, कारण ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि सुखी माणूसही कर्जबाजारी दिसतो. नवरी मध्यरात्रीपासून मेकअपला बसली होती. नवरदेव दहा मिनिटांत तयार झाला आणि उशीर त्याच्यामुळेच झाला. गाडीत दोन कॅमेरे, लेन्सच्या बॅगा, ट्रायपॉड, गिंबल, ड्रोन, रंगीत धुराच्या नळकांड्या आणि नवरीचा गाऊन. हा गाऊन घडी घालून चालत नाही. त्याला खिडकीजवळची अख्खी सीट लागली. ती सीट खरं तर नवरीच्या मामांची होती. शूटिंगचा खर्च मामांचा, त्यामुळे मामा येणारच होते. पण 'गाऊन की मामा' असा प्रश्न आला तेव्हा भाचीने क्षणभरही विचार केला नाही. मामा फाटकाशी उभे राहून म्हणाले, "असू दे, मी व्हिडिओ कॉलवर आहेच." ही धमकी होती, हे आम्हाला नंतर कळलं.

खंबाटकी चढताना पूर्वेला तांबडं फुटलं. "काय सुंदर!" मी म्हणालो. मित्र भडकला. "सुंदर कसलं? आपण पोचेपर्यंत थांबायला काय झालं होतं?" या धंद्यात सूर्य हा एकमेव भागीदार असा, की जो ॲडव्हान्स घेत नाही आणि म्हणून कुणाचं ऐकतही नाही.

सुरूर फाट्याच्या अलीकडे मिसळीची पाटी दिसली आणि नवरदेवाने मान वळवली. "सर, पांढरा कुर्ता आहे," मित्र म्हणाला. सरांनी कोरडे पोहे खाल्ले, तेही छातीवर टॉवेल बांधून. मिसळ आम्ही खाल्ली. ते आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर नंतर दिवसभर नवरीसाठी त्यांना काही आणता आली नाही.

वाईपासून मेणवली हाकेच्या अंतरावर. नानांचा वाडा, मागे कृष्णेचा अर्धचंद्राकृती घाट, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. 'स्वदेस' या 2004 सालच्या चित्रपटाचं शूटिंग इथलं. त्यामुळे गाडीतून उतरल्याबरोबर एक आजोबा पुढे आले. "शारुख हितंच बसला हुता," त्यांनी पायरी दाखवली. दुसऱ्याने दुसरी दाखवली. दुपारपर्यंत आम्हाला शाहरुख न बसलेली पायरी सापडेना. मित्राने उजेड बघून एक पायरी ठरवली आणि तीच अधिकृत मानली.

पण त्या पायरीवर एक मावशी धुणं धूत होत्या. मित्राने हात जोडले. "मावशी, जरा बाजूला होता का? तुम्ही फ्रेममध्ये येताय."

मावशींनी चादर पिळली. "आमी रोजच हितं असतो. मधी तुमी आलाय."

इतका बिनतोड युक्तिवाद नानांच्या वाड्यामागे बऱ्याच वर्षांनी झाला असावा. आम्ही कोन बदलला.

मग 'कँडिड' सुरू झालं. कँडिड म्हणजे नकळत टिपलेला फोटो. त्यासाठी सूचना अशा : "सर, मॅडमकडे बघा. कॅमेऱ्याकडे नको. हनुवटी खाली. हात सैल. दात थोडे कमी. नॅचरल! आता काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. आवाज येत नाही."

नवरदेव लेखापाल. तो नवरीच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "मार्चएंडिंगच्या आधी रजा मिळेल असं वाटत नाही." तिने झटकन वर पाहिलं, डोळे विस्फारले, ओठ विलगले. मित्र ओरडला, "वा! हेच एक्स्प्रेशन धरून ठेवा!" तो फोटो आता त्यांच्या दिवाणखान्यात आहे.

देवळाजवळ टांगलेली प्रचंड घंटा मूळची वसईकडची. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर मराठ्यांनी पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा आणल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. चर्चची घंटा देवळाला लागली आणि कुणाचंच काही बिघडलं नाही, असं काहीसं मी बोलायला लागलो. मित्र म्हणाला, "ते राहू दे. सिल्व्हर बाजू फिरव." रिफ्लेक्टरची रुपेरी बाजू फिरवली की चेहऱ्यावर उजेड येतो आणि वारा आला की धरणारा नदीकडे जातो. मोठा गोल रिफ्लेक्टर पीळ देऊन छोट्या पिशवीत बसवायची विद्या आमच्यात फक्त असिस्टंट पोऱ्याला येत होती, आणि तो गाऊनच्या कामावर होता. गाऊनचं शेपूट हवेत फेकायचं, ते खाली येण्याआधी चौकटीबाहेर पळायचं. नवरी वाऱ्यावर तरंगताना दिसते, त्यामागे असा एक घामाघूम पोऱ्या असतो.

दुपारी सावलीत बसून मी हिशोब केला. शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरतं उघडतं. दिवसाचे दोन हजार फोटो धरले, तरी काम झालं आठ सेकंदांचं. बाकीचा दिवस मामांचे फोन घेणं, बॅटऱ्या बदलणं, ढग जाण्याची वाट बघणं आणि मावशींची समजूत घालणं. लोक म्हणतात, 'बटण तर दाबायचं असतं.' खरंच आहे. पण त्या बटणापर्यंत पोचायला खंबाटकी चढावी लागते.

मित्राच्या वडिलांचा स्टुडिओ होता. त्यांना घाट लागला नाही. मागे पडदा सोडायचा : ताजमहाल, काश्मीर, नाहीतर कमळांचं तळं. रोल छत्तीस फोटोंचा, म्हणून बोटही जपून. गिऱ्हाईक चपला काढून ताजमहालासमोर उभं राही आणि पाच मिनिटांत घरी जाई. आता पडदा जागच्या जागी आणि वऱ्हाड त्याच्याकडे धावतं. संध्याकाळी धोम धरणाच्या पाण्यापाशी धुराची नळकांडी पेटवताना, डोळे चोळत मित्र म्हणाला, "बाबा हुशार होते."

पुढे अल्बम निवडायची वेळ आली. मामांनी एकच फोटो मोठा करायला सांगितला, पण दोन दुरुस्त्या सांगितल्या. मागची धुणंवाली काढा. आणि तिथे मला घाला. खर्च माझा आहे.

मित्राने आपल्या घराच्या गच्चीवर मामांना स्टुलावर बसवलं, उजेडाची दिशा जुळवली आणि संगणकावर त्यांना मेणवलीला पोचवलं. रोज तिथे असणाऱ्या मावशी फोटोत नाहीत. आयुष्यात मेणवलीला न गेलेले मामा शाहरुखच्या पायरीवर प्रसन्न बसले आहेत; ना मेकअप, ना टॉवेल, ना धूर.

हल्ली घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते तो फोटो दाखवतात आणि वर सांगतात, "जागा छान आहे हो, पण पार्किंगचा फार त्रास."