कारणे दाखविल्याबद्दल आभार

प्रति,
मा. जॉर्ज डब्ल्यू. बुश,
माजी राष्ट्राध्यक्ष, अमेरिकेची संयुक्त संस्थाने,
द्वारा बुश अध्यक्षीय ग्रंथालय, डॅलस, टेक्सास.

विषय: सन २००३ च्या इराक युद्धामागील हेतूंच्या वादात माननीयांची बाजू मांडण्याबाबत.

महोदय,

२० मार्च २००३ च्या पहाटे बगदादवर पहिली क्षेपणास्त्रे पडली. हे युद्ध कशासाठी झाले, हा वाद मात्र त्याआधीपासून सुरू होता. एक पक्ष म्हणतो की एका हुकूमशहाच्या तावडीतून अडीच कोटी माणसे सोडवण्यासाठी. दुसरा म्हणतो, तेलासाठी. या दुसऱ्या पक्षाने १५ फेब्रुवारीलाच लंडन, रोम, माद्रिदसह शेकडो शहरांत मोर्चे काढले आणि तेलासाठी रक्त नको, अशा पाट्या मिरवल्या. माननीयांच्या वतीने सविस्तर कैफियत कोणी दिल्याचे आढळत नाही. ती उणीव येथे भरून काढली आहे. आधार सगळा जाहीर कागदपत्रांचा आहे, आणि त्यातला बराचसा माननीयांच्याच सहकाऱ्यांनी पुरवलेला आहे.

सर्वप्रथम, कारण न देता युद्ध केले, हा आरोप टिकत नाही. सरकारी माणसाकडून एक कारण काढायचे तर कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. येथे मागणीपेक्षा पुरवठाच जास्त झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने माननीयांना बळाच्या वापराचा अधिकार देणारा ठराव मंजूर केला, प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी. त्यात वीसहून अधिक 'ज्याअर्थी' आहेत: संहारक शस्त्रे, संयुक्त राष्ट्रांचे मोडलेले ठराव, स्वतःच्याच जनतेवरील अत्याचार, अतिरेक्यांना आसरा, आणि १९९३ साली माननीयांच्या वडिलांना मारण्याचा झालेला प्रयत्न. हा शेवटचा मुद्दा माननीयांनी २६ सप्टेंबर २००२ रोजी ह्यूस्टनच्या एका निधिसंकलन कार्यक्रमात स्वतःही काढला होता. पितृऋण ही कल्पना केवळ भारतीय आहे, असे यापुढे कोणी म्हणू नये.

इतक्या कारणांतून संहारक शस्त्रांचेच कारण पुढे का आले, याचा खुलासा उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी मे २००३ मध्ये एका मासिकाला दिलेल्या मुलाखतीतून झाला. नोकरशाहीशी निगडित कारणांमुळे, सर्वांना मान्य होईल असा तो एकच मुद्दा होता, असे ते म्हणाले. थोडक्यात, कार्यालयीन सोय. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत अँथ्रॅक्सचा नमुना म्हणून एक छोटी कुपी हातात धरून दाखवली, ती या सोयीचा भाग होती. आफ्रिकेतून युरेनियम आणण्याची कथा माननीयांनी जानेवारीच्या अभिभाषणात सांगितली होती. तिच्यामागची कागदपत्रे अस्सल नाहीत, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अल बरादेई यांनी ७ मार्चला सुरक्षा परिषदेत सांगून टाकले. सोय मोडण्याइतके ते महत्त्वाचे ठरले नाही.

शस्त्रे सापडली नाहीत, आणि येथे माननीयांच्या खिलाडू वृत्तीचा दाखला द्यावाच लागेल. २४ मार्च २००४ रोजी वॉशिंग्टनमध्ये रेडिओ आणि दूरचित्रवाणी वार्ताहरांची वार्षिक मेजवानी होती. पडद्यावर एकामागून एक छायाचित्रे येत होती. त्यांत माननीय स्वतःच्या कार्यालयात वाकून फर्निचरखाली काहीतरी शोधताना दिसतात, आणि व्यासपीठावरून माननीयांची टिप्पणी चालू आहे की ती शस्त्रे इथेच कुठेतरी असली पाहिजेत. नाही, इथे नाहीत. वार्ताहर हसले. तोवर इराकमध्ये पाचशेहून अधिक अमेरिकी सैनिक मेले होते. मेलेल्या इराकींची मोजदाद आपण करत नाही, असे अमेरिकी सेनेचे म्हणणे होते, त्यामुळे तो आकडा विनोदाच्या आड येण्याचा प्रश्न नव्हता.

११ सप्टेंबर २००१ चे कारण थोडक्यात आटोपते. त्या दिवशी विमाने पळवणाऱ्या १९ जणांपैकी १५ सौदी नागरिक होते, इराकी एकही नव्हता. सद्दाम हुसेनचा त्यात हात असल्याचा पुरावा नाही, हे माननीयांनीही सप्टेंबर २००३ मध्ये मान्य केले. वड्याचे तेल वांग्यावर काढले, असे यावर कोणी म्हणेल. परंतु या वाक्प्रचारात तेल असल्याने कैफियतीत तो वापरणे अडचणीचे आहे.

अशा वेळी स्वातंत्र्य हे कारण बाराव्या गड्यासारखे मैदानात आले. ते नवे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. इराक मुक्तीचा कायदा १९९८ साली क्लिंटन यांच्याच सहीने झाला होता, आणि युद्धापूर्वीच्या भाषणांतही माननीय मुक्त इराकविषयी बोलत होते. पण ते मुख्य फलंदाज झाले ते शस्त्रशोधक डेव्हिड के यांनी ऑक्टोबर २००३ मध्ये हात रिकामे असल्याचे काँग्रेसला कळवल्यानंतर. ६ नोव्हेंबरच्या भाषणात माननीय म्हणाले की मध्यपूर्वेतील स्वातंत्र्याच्या अभावाकडे पाश्चात्त्य देशांनी साठ वर्षे कानाडोळा केला आणि त्याने आपली सुरक्षितता वाढली नाही. हे निदान अचूक होते. कोणत्याही अमेरिकी अध्यक्षाने इतक्या स्पष्टपणे ते क्वचितच केले असेल. ३० जानेवारी २००५ रोजी बॉम्बच्या धमक्यांना न जुमानता लाखो इराकी मतदानाला आले आणि शाईचे बोट उंचावून उभे राहिले, तेही खोटे नव्हते. अबू घ्रैबच्या तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रे त्याआधी नऊ महिने जगाने पाहिली होती, तीही खोटी नव्हती. सद्दामच्या काळातला तोच तुरुंग.

आता स्वातंत्र्याच्या तत्त्वाला अपवाद कुठे केला गेला, तेही नोंदवणे भाग आहे. २० जानेवारी २००५ च्या शपथविधीच्या भाषणात माननीयांनी जगातील जुलूमशाही संपवणे हे अंतिम ध्येय असल्याचे जाहीर केले. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, २५ एप्रिलला, टेक्सासमधील क्रॉफर्डच्या रँचवर सौदी अरेबियाचे युवराज अब्दुल्ला आले. माननीय त्यांचा हात हातात घेऊन रानफुलांमधून चालत गेले. त्यावेळी कच्चे तेल पिंपाला ५० डॉलरच्या वर गेले होते आणि भेटीत त्यावर बोलणे झाले. सौदीत त्या साली झालेल्या पालिका निवडणुकांत स्त्रियांना मत नव्हते. तो विषय हातात हात असताना काढणे शिष्टाचाराला धरून झाले नसते.

राहता राहिला तेलाचा आरोप. संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी नोव्हेंबर २००२ मध्येच सांगितले होते की याचा तेलाशी अक्षरशः काहीही संबंध नाही. त्यांचा या विषयातला अधिकार जुना आहे: डिसेंबर १९८३ मध्ये रेगन यांचे दूत म्हणून ते बगदादला गेले, सद्दामशी हस्तांदोलन केले, आणि त्या दौऱ्यात अकाबापर्यंतच्या तेलवाहिनीचीही चर्चा झाली. उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या ऊर्जा धोरण गटाच्या कागदपत्रांत मार्च २००१ चा इराकी तेलक्षेत्रांचा आणि वाहिन्यांचा नकाशा निघाला, शिवाय तेथील कंत्राटांना मागणी घालणाऱ्या परदेशी स्थळांची यादी. यावरून काहूर माजले. वास्तविक ऊर्जा धोरणात तेलाचा नकाशा नाही तर काय असणार? इराकी तेलविहिरी दुरुस्त करण्याचे काम निविदा न मागवता हॅलिबर्टनच्या उपकंपनीला मिळाले आणि चेनी २००० पर्यंत मूळ कंपनीचे प्रमुख होते, हा योगायोग मानावा.

सर्वांत कठोर टीका एप्रिल २००३ मधल्या बगदादवरून होते. राष्ट्रीय संग्रहालय लुटले जात होते, सुमारे १५,००० वस्तू गेल्या, आणि त्याच दिवसांत अमेरिकी रणगाडे तेल मंत्रालयाभोवती उभे होते. टीकाकार माननीयांचे १७ मार्चचे भाषण विसरतात. सद्दामला ४८ तासांची मुदत देताना माननीयांनी इराकी सैन्याला बजावले होते की तेलविहिरी नष्ट करू नका, ती इराकी जनतेची संपत्ती आहे. संहारक शस्त्रे वापरण्याचा आदेश पाळू नका, हे त्याच्या पुढचे वाक्य. संग्रहालयाबद्दल भाषणात काहीच नव्हते. दिल्या शब्दाला, आणि शब्दांच्या क्रमालाही, जागणे यालाच म्हणतात.

तेल इराकी जनतेचेच आहे, हे पुढे व्यवहारातही दिसले. तेलविक्रीतून आणि गोठवलेल्या खात्यांतून आलेले सुमारे १२ अब्ज डॉलर न्यूयॉर्कहून रोख विमानाने बगदादला पाठवण्यात आले, बहुतांशी शंभराच्या नोटांत. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने फेब्रुवारी २००७ मध्ये त्याचे वजन ३६३ टन सांगितले. नोटांच्या गड्ड्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळ्यांवर रचलेल्या होत्या. वाटपाचा हिशेब मात्र नीट लागला नाही.

टीकाकारांच्या हाती एक मोठा साक्षीदार आहे: अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख अॅलन ग्रीनस्पॅन. २००७ च्या आत्मचरित्रात त्यांनी हे युद्ध बव्हंशी तेलासाठी होते, असे लिहून टाकले. परंतु माननीयांच्या बाजूने त्याहून मोठा पुरावा आहे, तो म्हणजे लिलावाचा निकाल. २००९ मध्ये बगदादने तेलक्षेत्रे खुली केली तेव्हा रुमैला ब्रिटिश आणि चिनी कंपन्यांना गेले, पिंपामागे २ डॉलर मोबदल्यावर. पश्चिम कुर्ना-२ मध्ये रशियन लुकऑइल आली. पश्चिम कुर्ना-१ एक्सॉनमोबिलला मिळाले, पण जानेवारी २०२४ मध्ये ती बाहेर पडून पेट्रोचायना पुढे आली. तेल लुटायचे म्हणून घरचा डाव मांडला आणि विहिरी शेजारच्या आळीने नेल्या, असा लुटारू इतिहासात दुसरा सापडणे कठीण.

येथे कैफियत थांबवता आली असती. पण तेलाचा अर्थ पिंपे पळवणे एवढाच नसतो. आखाती तेलाच्या वाटा दुसऱ्या कोणाच्या मुठीत जाऊ द्यायच्या नाहीत, हे धोरण जानेवारी १९८० मध्ये जिमी कार्टर यांनी उघड जाहीर केले, आणि नंतरच्या प्रत्येक अध्यक्षाने ते व्हाइट हाउसमधल्या सामानासोबत ताब्यात घेतले. १९९८ साली वुल्फोविट्झ आणि रम्सफेल्ड यांच्यासह काहींनी क्लिंटन यांना सद्दामला हटवण्याचा सल्ला देणारे पत्र लिहिले, त्यात संहारक शस्त्रे आणि जगाच्या तेलपुरवठ्याचा मोठा हिस्सा यांची काळजी एकाच वाक्यात आहे. स्वातंत्र्य की तेल, असा पर्याय मांडणारे दोघांचे भांडण लावतात. माननीयांच्या दरबारी ते एकाच पंगतीला बसत होते.

ही पंगतही जुनी. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन शत-अल-अरबच्या मुखाशी फाओला उतरली, त्यामागे अबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची राखण हे एक कारण होते. तो चालवणाऱ्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी घेतले होते. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यावर जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढला की आमची सेना विजेती म्हणून नव्हे, मुक्तिदाती म्हणून आली आहे. किर्कुकजवळ तेलाचा मोठा फवारा उसळला तो दहा वर्षांनी. २००३ मध्ये माननीयांच्या सरकारने भारताकडे पुन्हा सैन्याची मागणी केली. वाजपेयी सरकारने १४ जुलैला नम्र नकार कळवला.

अखेरीस एका कागदाबाबत मार्गदर्शन हवे आहे. १८ मे २०२२ रोजी डॅलसमध्ये माननीयांनी रशियावर टीका करताना, एका माणसाच्या निर्णयाने इराकवर सर्वस्वी असमर्थनीय आणि क्रूर आक्रमण झाले, असे उद्गार काढले, लगेच युक्रेन म्हणायचे होते अशी दुरुस्ती केली, इराकही, असे पुटपुटले, आणि आपल्या ७५ वर्षांच्या वयाचा दाखला दिला. हे वक्तव्य बचावाच्या पुराव्यात दाखल करावे की वगळावे, याबाबत माननीयांचे लेखी आदेश व्हावेत, ही विनंती.

कळावे.