स्वस्तात मिळणे बरे नव्हे

बोरिवलीत स्टेशनबाहेर कोणत्याही दुकानात शिरा, जुना पण धडधाकट लॅपटॉप पंधरा-वीस हजारांत मिळतो. त्यावर विंडोज चालते, लिनक्स चालते, सोसायटीचा हिशेब चालतो, मुलाचा अभ्यासही चालतो म्हणतात. ज्या यंत्रावर वाटेल ते चालते, त्याला तत्त्व म्हणून काही उरत नाही.

सुदैवाने जगात अजून अमिगा ओएस ४ आहे. ही प्रणाली पॉवरपीसी घराण्याच्या प्रोसेसरखेरीज कोणाशी बोलत नाही. अ‍ॅपलने २००६ पर्यंत आपल्या सगळ्या मॅकमधून या घराण्याला निरोप दिला. त्यामुळे आता आमच्यासारख्या भाविकांसाठी खास बोर्ड बनवावे लागतात. मोजकेच, आणि मोजक्या मालाला शोभेल अशा भावाने.

मूळ अमिगा संगणकाला ही समज नव्हती. १९८७ चा अमिगा ५०० सगळा कीबोर्डच्याच पेटीत मावत असे, घरच्या टीव्हीला जोडता येई आणि सामान्य बापाला परवडत असे. युरोपात तो घरोघरी गेला. १९९४ मध्ये त्याची कंपनी, कमोडोर, बुडाली. कंपनीच्या इतर कारभाराचाही त्यात हात असल्याचे जाणकार सांगतात, पण आम्ही दोष परवडण्यालाच देतो. वारसदारांनी ती चूक पुन्हा केली नाही.

अमिगावन एक्स१००० चेच पाहा. त्यातला प्रोसेसर पीए सेमी या कंपनीचा. ती कंपनी अ‍ॅपलने २००८ मध्ये विकत घेतली आणि तिथल्या माणसांना आपल्या चिपच्या कामाला लावले. हे यंत्र जाहीर झाले २०१० मध्ये. म्हणजे ज्याच्या हृदयाचा कारखानदार आधीच दुसऱ्याच्या घरी गेला, अशा यंत्राला आम्ही भविष्य म्हटले. शिवाय प्रोसेसर दोन कोरचा आणि प्रणाली वापरते एकच कोर. दुसरा कोर गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेल्या मुलुंडच्या फ्लॅटसारखा आहे. पुढे आलेल्या एक्स५००० मध्येही तीच सोय कायम ठेवली. पूर्ण मशीन एक लाखाच्या वर जाते, कस्टमची ड्युटी निराळी. घरात विचारणा झाली की 'सर्व्हर आहे' एवढेच सांगावे.

मध्ये एकदा परवडणाऱ्या यंत्राचा मोह झाला होता. ए१२२२ नावाचा बोर्ड २०१५ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी स्वस्त प्रोसेसर निवडला, पण त्याचे दशांशी गणित करणारे एकक नेहमीच्या पॉवरपीसीपेक्षा वेगळे निघाले. म्हणून जुन्या प्रोग्रॅमच्या त्या आज्ञा सॉफ्टवेअरने नक्कल करून, सावकाश चालवाव्या लागतात. खुल्या विक्रीला यायला त्याने कित्येक वर्षे घेतली. स्वस्ताईलाही आम्ही इतके दुर्मीळ करू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

खरा धोका वेगळाच आहे. मॉर्फओएस नावाची चुलत प्रणाली जुन्या मॅक मिनी जी४ वर, पॉवरबुकवर सुरळीत चालते. पैसे न भरता घेतली तर अर्ध्या तासाने मंदावते, एवढीच काय ती तिची अब्रू. आरोस नावाची दुसरी चुलत प्रणाली तर साध्या पीसीवर चालते, तीही फुकट! आणि आता क्यूईएमयू नावाच्या एम्युलेटरमध्ये खुद्द अमिगा ओएस ४ साध्या लॅपटॉपवर उभी राहते. अशाने उद्या अंधेरीच्या चकाला भागातला कोणीही पोरगा दुपारच्या सुट्टीत ती लावून पाहील, त्याला आवडेल, तो तिच्यासाठी एखादा प्रोग्रॅमही लिहील. मग आम्ही खास काय राहिलो?

यंत्र महाग असले की वापरणारे कमी राहतात. वापरणारे कमी म्हणून प्रोग्रॅम कमी, प्रोग्रॅम कमी म्हणून व्हायरससुद्धा इकडे फिरकत नाहीत. एवढा निर्मळ संसार दुसरीकडे कुठे आहे? नवा ब्राउझर नाही, बँकेचे काम होत नाही, म्हणून ऑनलाइन फसवणुकीचीही भीती नाही. वीज बिल भरायचे तर शेजारी तो पंधरा हजारांचा लॅपटॉप असतोच.

तेव्हा घाटकोपरकरांना एक कळकळीची विनंती. माळ्यावर जुना पांढरा मॅक मिनी किंवा जी४ पॉवरबुक पडला असेल तर तो वेळीच भंगारवाल्याला द्या. दोन-तीन हजारांत कोणाच्या हाती लागला, तर आमची सगळी गुंतवणूक धोक्यात येईल.