दप्तर घरी, वही बरोबर

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना देऊ केले. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे बसून काम शिकायचे. कल्पना झकास, नवी मात्र नव्हे. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हेच मांडले होते: हस्तोद्योग मध्यभागी, बाकीचे विषय त्याभोवती. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रमही बेतून दिला.

पुढे शाळांत त्याचे झाले ‘कार्यानुभव’. म्हणजे कागदी फुले. अनुभव मुलाचा, कार्य आईचे.

शिक्षण हक्क कायद्यानंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. गुरुजींनी प्रत्येक मुलाकडे बारकाईने पाहावे आणि जे दिसेल ते नोंदवहीत लिहावे, असा हेतू. वर्गात पन्नास पोरे, त्यात कधी निवडणुकीची ड्युटी. मग बाजाराने गुरुजींची काळजी घेतली. वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका निघाल्या. ‘स्वतःच्या कल्पना मांडतो’ हे वाक्य अख्ख्या वर्गाच्या नावांपुढे खाली खाली उतरवलेले पाहावे. शेवटच्या पोरापर्यंत सगळे स्वतंत्र विचारांचे.

प्रकल्पाच्या आदल्या रात्री स्टेशनरीच्या दुकानात उभे राहिले की अभ्यासक्रमाबाहेरचे शिक्षण दिसते. थर्माकोलचा ज्वालामुखी तयार मिळतो, लाल रंग आधीच ओघळलेला. बाबा पाकीट काढतात, मुलगा मोबाइलवर गेम खेळतो.

“कितवी?” दुकानदार विचारतो.

बाबा मुलाकडे बघतात.