रा. रा. जीसॅट-१५ यांस, उस्मानपुऱ्याहून

प्रति,
माननीय जीसॅट-१५ साहेब,
मुक्काम ९३.५ अंश पूर्व रेखांश, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर.

विषय : घर सुटलं, पण घरचा टीव्ही सुटत नसल्याबाबत.

महोदय,

उस्मानपुरा हा छत्रपती संभाजीनगरातला, रेल्वे स्टेशन आणि क्रांती चौक यांच्या मधला भाग. इथून कुठेही जायला सोयीचं पडतं, म्हणून इथला माणूस सहसा कुठे जात नाही. अलीकडे मात्र त्याच्या डोक्यात कॅराव्हॅन शिरली आहे. टेम्पो ट्रॅव्हलरच्या जातीच्या गाडीतल्या सीटा काढायच्या. पलंग, शेगडी, बुटका फ्रीज आणि दाराआड शौचालय बसवायचं, की झालं चाकांवरचं घर. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच आणलं, तेव्हापासून हा छंद न राहता जवळजवळ नागरी कर्तव्य झालेला आहे. गाडीत सगळं घर बसलं, लोणच्याच्या बरणीसकट. राहिला तो टीव्ही. वेरूळच्या अलीकडे गाडी उभी केली, खुर्च्या मांडल्या, चहा झाला, संध्याकाळचे साडेसात वाजले आणि पडद्यावर निळ्या चौकटीत ‘सिग्नल नाही’ उमटलं. त्या संध्याकाळी कैलास लेण्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

सबब हे पत्र.

आपली कुंडली उस्मानपुऱ्याला ठाऊक आहे. ११ नोव्हेंबर २०१५ च्या पहाटे, भारतीय वेळेनुसार तीनच्या सुमारास, फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ अग्निबाणानं आपण निघालात. वजन ३,१६४ किलो. अंगावर केयू बँडचे २४ ट्रान्सपॉन्डर, शिवाय विमानांना अचूक ठिकाण सांगणाऱ्या ‘गगन’ यंत्रणेचं एक उपकरण. म्हणजे वैमानिकाला धावपट्टी आणि आजीला सह्याद्री वाहिनी, दोन्ही एकाच टेबलावरून. दूरदर्शनची फ्री डिश आपल्याकडेच. छत्री आणि खोकं एकदा विकत घेतलं की महिन्याचं भाडं नाही. स्वतः सेकंदाला तीन किलोमीटरच्या वेगानं धावता, पण पृथ्वीचीही स्वतःभोवतीची फेरी तितक्याच वेळात पुरी होत असल्यामुळे उस्मानपुऱ्याच्या गच्चीवरून बघावं तर जागचे हलत नाही. सरकारी नोकरीत हे कसब पुष्कळांना साधलेलं आहे, पण इतक्या उंचीवर नव्हे.

अडचण आपण हलत नाही ही नसून उस्मानपुरेकर हलायला लागले ही आहे.

घरच्या गच्चीवर बसवलेली छत्री आग्नेयेला तोंड करून, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश मान वर करून वर्षानुवर्षं बसते. माकड लटकलं किंवा शेजाऱ्यानं वाळवणाची दोरी बांधली तरच बिघडते. तीच छत्री कोल्हापूरला नेली तर तोंड सात अंश पूर्वेकडे फिरवावं लागतं. नागपूरला नेली तर आठ-नऊ अंश दक्षिणेकडे. दोन फुटी छत्रीची नजर अरुंद असते. दीड-दोन अंशांची चूक झाली की चित्राचे चौकोन पडतात, आणखी अंशभर सरकली की चौकोनही जातात. मुळात मुक्काम बदलला की गाडीचं नाक कुठल्या कुठे असतं, त्यामुळे टपावर पक्की ठोकलेली छत्री दर संध्याकाळी नव्या दिशेला अडाण्यासारखी पाहत बसते. मग घरातला सर्वांत कमी वयाचा आणि सर्वांत कमी इच्छुक माणूस टपावर चढतो. खालून विचारणा होते, ‘आलं का?’ वरून प्रतिप्रश्न येतो, ‘आता?’ आतून तिसरा आवाज, ‘आलं होतं, गेलं!’ या संवादाचे महाराष्ट्रात कोणत्याही नाटकाहून जास्त प्रयोग झालेले आहेत. उस्मानपुऱ्यातलं संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद होतं, त्या काळातही हे प्रयोग थांबले नव्हते.

चालत्या गाडीतसुद्धा आपला माग काढणाऱ्या, स्वतःहून वळणाऱ्या छत्र्या मिळतात. जहाजांवर आणि परदेशी मोटारघरांवर त्या असतात. किंमत लाखांत जाते. छत्रीपेक्षा गाडी स्वस्त, असं ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल घ्यावी. पत्रलेखकाला त्यांचा पत्ताही नको आहे.

सावलीचं प्रकरण यापेक्षा अवघड. मे महिन्यात मराठवाड्यात गाडी उभी करायची तर शहाणा माणूस आधी कडुनिंब शोधतो. छत्रीला नेमका त्याच कडुनिंबाचा विटाळ. ५९ अंशांची नजर इतकी उंच असते की डोंगर सहसा आड येत नाही, वेरूळचा कडाही जरा मागे सरकून उभं राहिलं तर सोडून देतो, पण पानांचा एक झुपका अख्खी मालिका गिळतो. म्हणून कॅराव्हॅनवाल्यांत दोन पंथ पडले आहेत. एक सावलीत घाम पुसत गप्पा मारणारा. दुसरा भर उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली, एसीला जनरेटर जोडून बातम्यांत उष्णतेच्या लाटेचा इशारा पाहणारा.

पावसाळ्यात म्हैसमाळला जावं तर निराळी गंमत. आपलं प्रसारण साधारण अकरा-बारा गिगाहर्ट्‌झवर चालतं. या लहरी धुक्याला फारसं जुमानत नाहीत, पण टपोरे थेंब सुरू झाले की पाणी त्यांना शोषून आणि विखरून टाकतं. ढग गडगडले की आधी खलनायिका जाते, मग जाहिराती. त्याच पठारावर दूरदर्शनचा जुना मनोरा उभा आहे. एके काळी शहराच्या गच्च्यांवरच्या माशाच्या काट्यासारख्या अँटेना त्याच्याकडे तोंड करून असायच्या, आणि पावसाबद्दल त्याची फारशी तक्रार नसे. जमिनीवरून होणारं ते अॅनालॉग प्रसारण दूरदर्शननं देशभर टप्प्याटप्प्यानं आवरलं. आता माणसं टीव्हीच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी गाडी लावतात आणि टीव्हीसाठी छत्तीस हजार किलोमीटर वर बघतात. आपल्याला यात अभिमान वाटत असेल तर तो साहजिक आहे.

पण एकट्या आपल्यावर भागतं कुठे? फ्री डिशवर सह्याद्री आहे, लिलावात जागा घेतलेल्या आणखी काही मराठी वाहिन्या आहेत. मात्र साडेआठच्या ज्या मालिकेसाठी घरात जेवणाची वेळ बदलली, ती बहुधा पैसे मोजून बघायच्या वाहिनीवर असते. त्या कंपन्यांची बिऱ्हाडं वेगवेगळी. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर, डीटूएचचा ८८ वर, डिश टीव्हीचा ९५ वर, एअरटेलचा थेट १०८.२ वर. उस्मानपुऱ्यातून पाहिलं तर पहिला दक्षिणेकडे, शेवटचा पूर्वेकडे झुकलेला, मध्ये ४० अंशांचं अंतर. दोन मेहुणे, दोन कंपन्या आणि एक कॅराव्हॅन असा योग आला, की टपावर दोन छत्र्या पाठीला पाठ नव्हे तरी खांद्याला खांदा न लावता उभ्या राहतात.

या बाबतीत संभाजीनगरचा थोडा मान राखला जावा, ही विनंती. याच शहरातून पैठण रस्त्यानं बाहेर पडलं की चितेगाव लागतं. ऐंशीच्या दशकात धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉननं इथल्या भूमीतून देशाला रंगीत टीव्ही पुरवायला सुरुवात केली, आणि चितेगावचा कारखाना कित्येक घरांची चूल झाला. पुढे २००९ मध्ये त्याच समूहानं व्हिडिओकॉन डीटूएच काढलं: टीव्ही आमचा, खोकं आमचं, छत्रीही आमची. २०१५ मध्ये ती कंपनी अमेरिकेतल्या नॅसडॅक बाजारात जाऊन बसली. मार्च २०१८ मध्ये ती डिश टीव्हीत विलीन झाली आणि त्याच वर्षी मूळ व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्या शहरानं देशाला टीव्हीपुढे बसवलं, त्या शहरातला माणूस आज कॅराव्हॅनच्या टपावर ‘आता?’ असं ओरडतो, यात काव्यात्म न्याय शोधू नये. कामगारांची देणी त्या न्यायात बसत नाहीत.

परदेशातल्या मंडळींचं बरं चालतं. आपल्या जातभाईंचे झोत आखातापर्यंत सांडतात, तेव्हा तिथली मराठी कुटुंबं मोठी छत्री लावून इथलंच खोकं चालवतात आणि रिचार्ज इथला भाऊ करतो. तिथल्या कायद्याला हे मान्य नाही, भावाला आहे. अमेरिकेतल्या मोटारघरांत फिरणारे मराठी लोक तर छत्रीच्या भानगडीतून सुटत चालले आहेत. स्टारलिंकनं मे २०२२ मध्ये खास मोटारघरांसाठी योजना काढली. तिचे उपग्रह अवघ्या साडेपाचशे किलोमीटरांवर, हजारोंच्या संख्येनं, एक मावळला की दुसरा हजर. ते टीव्ही पाठवत नाहीत, इंटरनेट पाठवतात आणि मालिका त्यातून येते. भारतातही त्या कंपनीला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला. आपल्यासारख्या एकाच जागी ठाण मांडून राहिलेल्या ज्येष्ठांनी याची नोंद घ्यावी.

आता जरा गंभीर मजकूर. चाकांवर घर घेऊन महिनोन्‌महिने परमुलखात राहणं ही महाराष्ट्रात २०२१ साली सुरू झालेली गोष्ट नाही. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, धाराशिव, परभणी, पाथर्डी या पट्ट्यातून ऊसतोडीसाठी ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून निघतात. त्यात भांडी, अंथरुणं, सरपण, कोंबड्या, शेळ्या, लेकरं, आणि वर मांडलेल्या सामानावर बसलेली म्हातारी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून हिशेबात धरतात एक ‘कोयता’. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पार बेळगावापर्यंत उसाच्या फडांजवळ कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तेच घर. ही माणसं काही लाखांत मोजली जातात. कॅराव्हॅन शब्द त्यांच्या कामाचा नाही, पण सीटा काढलेल्या गाडीत संसार कसा बसवायचा हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

सरकारी धोरणात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे: पाणी, वीज, रस्ता, स्वच्छतागृह. चांगलीच कल्पना आहे. अडचण एवढीच, की पत्रलेखकाला ही यादी वाचताना सतत कोपीच आठवते. तिथे पाणी टँकरचं किंवा कालव्याचं, स्वच्छतागृह म्हणजे अंधार, आणि वीज बहुधा नाही. बाईला पहाटे अंधारात उठून फडात जायचं, दिवसभर मोळ्या वाहायच्या, परत येऊन भाकरी थापायच्या. रात्री घरची बातमी कळते ती मोबाईलवर, तोही जवळच्या टपरीवर चार्ज करून आणला तर. मागे गावात ठेवलेल्या पोरांचा आवाज त्यातूनच येतो.

आपला झोत मात्र भेदभाव करत नाही, हे नमूद करणं न्यायाचं होईल. म्हैसमाळच्या रिसॉर्टवर जितकी शक्ती पडते तितकीच शिरोळच्या फडातल्या पाचटावर पडते, आणि महिन्याचं भाडं दोघांनाही शून्य. फ्री डिशच्या बऱ्याच खोक्यांचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असतो. ट्रॅक्टरची बॅटरीही १२ व्होल्टची. १२ व्होल्टवर चालणारे छोटे टीव्हीही मिळतात. म्हणजे तंत्रज्ञानानं आपलं काम केलेलं आहे. बाकीचं काम कोणाचं, याचं उत्तर ३५,७८६ किलोमीटर वर विचारण्याची गरज नाही; पण खाली विचारून पुष्कळ झालं, म्हणून एकदा वर.

वेरूळच्या पायथ्याशी टीव्ही लागला नाही म्हणून रुसलेल्या कुटुंबाच्या वतीनं हे पत्र सुरू झालं होतं. त्यांची मागणी मागे घेण्यात येत आहे असं नव्हे. घरापासून लांब गेल्यावर घरचा आवाज कानावर पडावा, ही इच्छा कॅराव्हॅनमधल्या आजीची आणि कोपीतल्या आजीची सारखीच आहे. फरक इतकाच, की पहिली हवं तेव्हा गाडी वळवून घरी येऊ शकते. म्हणून उस्मानपुऱ्याची विनंती अशी, की सिग्नल वाटताना रांग लावायची वेळ आलीच, तर कॅराव्हॅनला मागे उभं करावं. तिच्या पलीकडे सोळाव्या क्रमांकाचं कैलास लेणं आहे, तेवढ्यात बघून होईल. ते अखंड कड्यातून वरून खाली कोरत आणलं आहे, आणि त्याला कोणत्याही अंशात बघितलं तरी चित्र फुटत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले नम्र,
उस्मानपुऱ्यातील समस्त छत्रीधारक

ता. क. : बांधतानाच आपल्याला बारा वर्षांचं आयुष्य नेमून दिलं होतं, म्हणजे निवृत्ती २०२७ च्या आसपास. आपल्या खात्याच्या रिवाजाप्रमाणे निवृत्त उपग्रहाला उरलेल्या इंधनावर आणखी सुमारे ३०० किलोमीटर वर ढकलून देतात. थोडक्यात, निवृत्तीनंतर आपणही फिरायला निघणार. उस्मानपुऱ्याच्या अनुभवावरून एक सल्ला : टीव्ही घरीच ठेवा.